डॉक्टरीणबाईंची बॅग

डॉक्टरीणबाईंनी उभ्या जन्मात कुणाची नाडी धरली नाही की कुणाला गोळी दिली नाही. त्या काचेच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होत्या. पेले, बरण्या, दिव्यांच्या हंड्या कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या, हे त्यांचं काम. खोकं बंद झालं की त्या ते दोन्ही हातांनी उचलून कानाशी न्यायच्या आणि हलकेच हलवायच्या. आतून जरा जरी आवाज आला की खोकं पुन्हा उघडायचं. तेव्हा त्यांचा चेहरा छातीला नळी लावलेल्या डॉक्टरसारखा व्हायचा, म्हणून भट्टीवरच्या कुणीतरी हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा.

भट्टीवरचा तो कुणीतरी पुढे त्यांचा नवरा झाला. नाव ठेवल्याची शिक्षा म्हणून याच्याशी लग्न केलं, असं त्या सांगायच्या, आणि तो बिचारा मान डोलवायचा.

पॅकिंगचं त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. वस्तू आपटून फुटत नाही, पोकळीमुळे फुटते. म्हणून फट दिसली की तिथे कागदाचा बोळा, चिंधी, पेंढा, जे मऊ मिळेल ते कोंबायचं. वस्तूला हलायला जागाच ठेवायची नाही. एकदा झुंबराचे लोलक भरलेल्या पेट्या ट्रकवर चढल्या होत्या, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं आणि साहेब सारखे घड्याळ बघत होते. इंजिनाच्या हादऱ्याने एक पेटी किणकिणली. ती फक्त बाईंना ऐकू आली. त्यांनी सरळ पुढे जाऊन ट्रकसमोर फतकल मारली. साहेब लालबुंद झाले, ड्रायव्हर हसायला लागला, पण पेटी खाली उतरेपर्यंत बाई उठल्या नाहीत. पुढे त्या खात्याच्या मुकादम झाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातचा माल फुटून परत आला नाही.

हे त्या स्वतःच सांगायच्या. न विचारता सांगायच्या. पाहुण्यांना, दूधवाल्याला, दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही. नम्रपणा त्यांच्याकडे औषधालाही सापडला नसता. आणि खरं सांगायचं तर का असावा? जिच्या हातून काही फुटलं नाही, तिने मान खाली कशाला घालायची?

नवरा गेल्यावर बाई कारखान्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. तिसरा मजला, खिडकीतून बंद पडलेल्या भट्टीची चिमणी दिसायची, तळमजल्यावर शिंप्याचं दुकान. सकाळी चहाला पॅकिंग खात्यातल्या जुन्या मैत्रिणी यायच्या आणि हल्लीच्या पॅकिंगला पोटभर नावं ठेवून जायच्या. मुलगा आणि मुलगी, दोघं त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला. "आमच्याकडे ये" असं दोघांनी कितीदा सांगितलं. बाई दर वेळी "बघू" म्हणून त्यांची बोळवण करायच्या.

मग ते दुधाचं प्रकरण झालं. शेगडीवर दूध ठेवून बाई जिन्यात कुणाशी तरी बोलत उभ्या राहिल्या. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. काही कामाने वर आलेल्या खालच्या शिंप्याच्या नाकाला वास लागला म्हणून निभावलं. बाईंचं म्हणणं एकच, की वाऱ्याने ज्योत विझली, त्यात माझा काय दोष. पण मुलगी मोठ्या रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डची मुख्य नर्स. पडलेल्या, भाजलेल्या, घराचा पत्ता विसरलेल्या म्हाताऱ्या ती रोज बघायची. ती ड्युटीवरून तशीच धावत आली.

"आई, तू विसरायला लागली आहेस."

"मी? अगं, तुझ्या जन्माच्या दिवशी भट्टीतून कुठला माल निघाला, ते सांगू का?"

"तेव्हाचं नको सांगूस. आत्ताचं सांग. घराची किल्ली कुठंय?"

किल्ली बाईंच्या हातातच होती, आणि त्या उशीखाली शोधत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. एरवी यावर मायलेकी पोट धरून हसल्या असत्या. त्या दिवशी मुलगी हसली नाही. तिने ओठ घट्ट मिटले, आणि बाईंच्या लक्षात आलं की या वेळी 'बघू' चालणार नाही.

अशात मुलाने बोटीची टूम काढली. मोठ्या प्रवासी बोटीतून सगळ्यांनी मिळून समुद्रावर फिरून यायचं. मुलगा, सून आणि त्यांचं रांगतं बाळ. मुलगी, जावई आणि शाळेत जाणारी नात. शिवाय बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा, जो कानात यंत्र लावूनही सोयीचं तेवढंच ऐकायचा. घरात अशा बोटीवर कुणी पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळे काय न्यायचं आणि काय नाही, यावर फोनवर रोज खल सुरू झाला. बाईंनी एक दिवस सगळ्यांना घरी बोलावलं आणि जाहीर केलं, "सामान मी भरणार. सगळ्यांचं. एकटीने."

"आई, दगदग होईल तुला," मुलगी म्हणाली.

"दगदगीचं माझं मी बघते. तू ऐक. बोटीवर गेल्यावर कुणाचंही, माझ्यासकट, काही एक घरी राहिलेलं निघालं, तर परत आल्यावर घराला कुलूप लावते आणि मुकाट्याने तुझ्याकडे राहायला येते. आणि काही राहिलं नाही, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

मामाने यंत्र नीट करून विचारलं, "कोण कुठे राहायला चाललंय?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

मुलीने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठरलं." ती आपल्या शब्दाची पक्की होती, हे बाईंना माहीत होतं.

पुढचे काही दिवस त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाने आपापली बॅग आणि कपड्यांचा ढीग आणून टाकला. सून मोबाइलवर 'पहिल्यांदा बोटीवर जाणारे हमखास काय विसरतात' हे काढून वाचायची आणि बाई पलंगावर बसून निकाल द्यायच्या.

"अहो आई, मोठ्या बॅगा म्हणे बंदरावरच ताब्यात घेतात. त्या खोलीवर यायला संध्याकाळ होते. तोवर लागणारं हातातल्या पिशवीत ठेवायचं. औषधं, पोहायचे कपडे, बाळाचं दूध."

"हे मला सुचलं नसतं," बाईंनी मोकळेपणाने कबूल केलं आणि लगेच एक पिशवी वेगळी काढली.

"खोलीच्या भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे आकडे नेले तर ओले कपडे लटकवता येतात."

हे ऐकून बाई इतक्या खूश झाल्या, की शिंप्याला वरूनच हाक मारून त्याच्याकडचे सुया उचलायचे चुंबकच मागून घेतले. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, म्हणून मामासाठी एक छोटा दिवा आला. खोलीत बाळाला अंघोळ घालायला टब नसतो, नुसता फवारा, म्हणून फुगवायचा टब आला. जावयाने हौसेने आणलेली भली मोठी विजेची पट्टी मात्र बोटीवर चालत नाही असं निघालं, आणि बाईंनी ती त्याच्याच हातात परत ठेवली. जावईबुवांचा चेहरा पडला. "घरी टीव्हीला लावा," बाईंनी समजूत घातली.

सुनेच्या मोबाइलमध्ये नव्हतं ते बाईंच्या डोक्यात होतं. समुद्रावर वारा सोसाट्याचा, म्हणून सगळ्यांच्या टोप्यांना त्यांनी नाड्या शिवल्या. मामाच्या यंत्राचे जास्तीचे सेल, नातीचा जुना चष्मा, ओल्या कपड्यांना पिशव्या, सुईदोरा, बाळाची नखं कापायची कात्री. परतीच्या आदल्या संध्याकाळीच बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात असं कळल्यावर त्यांनी प्रत्येकाचा शेवटच्या दिवशीचा कपड्यांचा जोड सगळ्यात वर, वेगळ्या पिशवीत घातला. "नाहीतर रात्रीच्या पायजम्यात बोटीवरून उतराल आणि माझं नाव घालवाल."

शेवटी प्रत्येक बॅगेची चेन लावून त्यांनी ती उचलली, कानाशी नेली आणि हलवली. एकीतूनही हूं की चूं नाही. "आता ही चेन बोटीवर गेल्याशिवाय कुणी उघडायची नाही," त्यांनी बजावलं, आणि ज्याची त्याची बॅग ज्याच्या त्याच्या घरी रवाना केली.

बंदरावर लोकांची ही गर्दी. गणवेशातले हमाल बॅगा घेऊन लोखंडी गाड्यांवर रचत होते. बाई हातातली पिशवी छातीशी धरून शेजारी उभ्या होत्या आणि आपली प्रत्येक बॅग डोळ्यांखालून घालत होत्या. मुलाची गेली, मामाची गेली, नातीची गेली. मुलीची बॅग हमालाने उचलून गाडीवर टाकली, आणि आतून खट् असा आवाज आला.

बाईंनी कान टवकारले. माझ्या हातची बॅग, आणि वाजली? त्यांनी मुलीकडे पाहिलं, पण ती बाळाच्या टोपीची नाडी बांधत होती. आजूबाजूला भोंगे, गाड्यांची खडखड, पोरांची रडारड. एवढ्या गोंधळात कान दगा देऊ शकतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण कारखान्यातल्या भट्टीच्या घरघरीत त्यांच्या कानांनी कधी दगा दिला नव्हता. गाडी पुढे निघून गेली आणि बाईंनी ती थांबवली नाही.

बोटीवर मात्र सगळं त्यांच्या मनासारखं घडत गेलं. नातीला पोहायचं होतं, कपडे पिशवीत होते. बोट हलायला लागल्यावर जावयाचा चेहरा पांढराफटक पडला, उलटीची गोळी पिशवीत होती. संकटात काय करायचं ते शिकवायला सगळ्यांना डेकवर उभं केलं, आणि नेमकं तेव्हाच मामाचं यंत्र बंद पडलं. अधिकारी जीव तोडून सांगतोय आणि मामा त्याच्याकडे बघून गोड हसतोय. बाईंनी पिशवीतून सेल काढला, भावाच्या यंत्रात बसवला आणि मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"मानलं, आई," मुलगी हसत म्हणाली.

"अजून परतीचा दिवस यायचाय," बाई म्हणाल्या. पण त्यांची मान ताठ झाली होती, आणि क्षणभर त्या खट् आवाजाचा त्यांना विसर पडला.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी नटूनथटून मोठ्या दालनात जेवायला जायचं, असा बोटीचा नियम होता. त्याआधी बॅगा आल्या. लांबलचक बोळात एका ओळीत चार दारं त्यांची होती. बाई आणि नात एका खोलीत होत्या. दारावर टकटक झाली, खोली सांभाळणारा माणूस नातीची बॅग आत ठेवून गेला. नातीने दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"आजी, तुझी कुठंय?"

"माझी काय?"

"बॅग!"

तेवढ्यात मुलगी आली. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, बोळात जाऊन परत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट ती घाबरलेली दिसत होती.

"आई, तुझी बॅग घरी राहिली?"

बाई पलंगावर बसल्या. त्यांनी आठवून पाहिलं. मुलाची, मुलीची, मामाची, नातीची. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या हसायलाच लागल्या.

"अगं, माझी बॅग नाहीच. कधी होती?"

"म्हणजे? मग तुझे कपडे?"

"तुमच्याकडे आहेत."

मग उलगडा झाला. बाईंनी जन्मभर जसं भरलं तसंच भरलं होतं. आधी प्रत्येकाच्या वस्तू, आणि मग जिथे फट दिसेल तिथे स्वतःचे मऊ कपडे. मुलं लहान असताना चार दिवस कुठे फिरायला गेले, तर एकच खोली असायची. कुठलीही बॅग उघडा, आईचं काहीतरी निघायचंच, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. इथे मात्र चार दारं होती, आणि बाईंचा संसार चार दारांआड वाटला गेला होता.

"तू स्वतःसाठी बॅग भरलीच नाहीस?" मुलीने विचारलं.

"पॅकिंगवाली कधी खोक्यात बसते का?" बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच त्यात नवल वाटलं नाही. मुलीला वाटलं.

"चला," बाई उठल्या. "सगळं सांगते कुठे काय आहे ते. एकही चुकणार नाही."

आणि निघाली त्यांची वरात. पुढे बाई, मागे नात आणि मुलगी. मुलाच्या खोलीत त्यांनी बॅगेला हातही न लावता सांगितलं, "कॅमेऱ्याभोवती माझा टॉवेल. उजव्या बुटात मोजे, डाव्यात रुमाल. टबाच्या पंपाखाली जांभळे कपडे." सुनेने काढून पाहिलं, सगळं जिथल्या तिथे. मामाच्या खोलीत दाढीच्या डब्याभोवती बाईंचा फुलाफुलांचा गाऊन होता. मामाने बॅग आधीच उघडली होती, आणि तो गाऊन हातात धरून तो विचारात पडला होता.

"ताई, हा माझ्यासाठी घेतलास का?" त्याने विचारलं. "जरा सैल होईल, पण आहे छान."

बोळातून जाणारा तो खोली सांभाळणारा माणूसही तोंडावर हात ठेवून हसला. नातीच्या बॅगेतून चपला आणि निळे चांगले कपडे निघाले. प्रत्येक वस्तू निघाली की नात मोठ्याने ओरडायची, "बरोबर!" बोळातली परकी माणसंही दारात येऊन बघायला लागली. बाईंना चेव चढला. हा घोटाळा झाला ते एका परीने बरंच झालं, असं त्यांना वाटलं. विसरते म्हणता ना मला? घ्या आता.

"आता शेवटची," मुलीच्या खोलीत येऊन त्या म्हणाल्या. सगळे मागोमाग आत आले होते. "तुझ्या बॅगेत डाव्या बाजूला, केस वाळवायच्या यंत्राला टेकून, जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळी केलेली आहे. त्यात माझी शाल. खात्यातल्या बायकांनी निरोपाला दिलेली. आज मी ती घालून जेवायला येणार."

मुलीने चेन उघडली. डाव्या बाजूला हात घातला. केस वाळवायचं यंत्र होतं. त्याच्या बाजूला उंच टाचांचे बूट होते. खोळ नव्हती. तिने कपडे बाजूला केले, तळ चाचपला. शाल नव्हती.

नात "बरोबर" म्हणायला तोंड उघडून तशीच थांबली.

"नीट बघ," बाई म्हणाल्या.

"नाहीये, आई," मुलगा हळूच म्हणाला. "असू दे. एवढ्या पसाऱ्यात एखादी वस्तू राहायचीच."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी डोळे मिटले. खोळीत घातली, गुंडाळी केली, बॅगेत ठेवली. की ठेवायची म्हणून ठरवलं आणि पलंगावरच राहिली? त्यांना खोळ दिसत होती, हात दिसत होते, पण ते हात त्या दिवशीचे की आणखी कुठल्या दिवशीचे, हे सांगता येईना. दुधाच्या वेळीही असंच झालं होतं. आणि बंदरावर बॅग वाजली होती. म्हणजे फट राहिली होती. माझ्याच हातून राहिली होती.

"मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "बहुतेक."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून 'बहुतेक' हा शब्द घरात कुणी कधी ऐकला नव्हता. सून बाळाला घेऊन खिडकीशी गेली. मामाने यंत्राशी उगाच चाळा केला. बाईंच्या डोळ्यांसमोर त्यांच्या दोन खोल्या आल्या, खिडकीतली चिमणी आली, आणि दाराला लागलेलं कुलूप आलं. शब्द दिला होता. शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती.

मुलगी अजून बॅगेपाशी गुडघ्यावर बसून होती. तिचा हात त्या उंच टाचांच्या बुटावर थांबला होता. तिने एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग ती उठून उभी राहिली.

"आई, तू ठेवली होतीस. ती खोळ मी काढली."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काल सकाळी घरी मी बॅग उघडली. हे बूट राहिले होते माझे. तुझ्याकडे द्यायलाच विसरले होते. जागा नव्हती, ती खोळ जुनी दिसली, मला वाटलं तू फट भरायला चिंध्या घातल्यास. उघडून पाहिलंसुद्धा नाही. काढली आणि कपडे धुवायच्या मशीनवर ठेवली. आत्ता बूट बघितल्यावर आठवलं." तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "तू काही विसरली नाहीस. विसरले ती मी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, त्या चिडणार, चेन उघडली म्हणून फैलावर घेणार. त्या म्हणाल्या, "म्हणजे बंदरावर ते खट् झालं, ते खरंच झालं?"

"कसलं खट्?"

"टाच यंत्राला लागली असणार. तुझ्या बॅगेतून आवाज आला. मला वाटलं, माझे कान गेले." आणि एवढं बोलून त्यांनी पदराने पुसावे तसे बाहीने डोळे पुसले, कुणी बघतंय याची पर्वा न करता.

बाकीचे तयारीला आपापल्या खोल्यांत पांगले. मायलेकी दोघीच राहिल्या. बाई निळे चांगले कपडे घालून आल्या. मुलीने आपला एक लोकरी स्कार्फ त्यांच्या खांद्यावर टाकला आणि तो नीट करत राहिली.

"तू गप्प बसली असतीस," बाई म्हणाल्या, "तर मी आले असते तुझ्याकडे. कुलूप लावून. एक शब्द बोलले नसते."

"माहीत आहे."

"तुला तेच तर हवं होतं."

"हवं होतं. अजूनही हवंय. माझ्या घरी असलीस की मला झोप लागेल." मुलगी स्कार्फ सोडायला तयार नव्हती. "पण तू 'बहुतेक' म्हणालीस ना, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. तसे चेहरे मी वॉर्डात रोज बघते. एकदा स्वतःवरचा भरवसा गेला की माणूस हातातली वाटीसुद्धा दुसऱ्याला विचारून खाली ठेवतं. तशी करून तुला घरी आणली असती, तर ती आणलेली तू नसतीस, आई."

बाईंनी स्कार्फचं टोक चाचपलं. बोट मंद डुलत होती. मग त्या म्हणाल्या, "आता खरंच बोलायचं चाललंय तर माझंही ऐक. दुधाची ज्योत वाऱ्याने नाही विझली. मी जिन्यात गप्पा मारत बसले आणि पार विसरले. खिडकी बंद होती."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलून तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. "वास आला की आपोआप गॅस बंद करणारं काहीतरी यंत्र असतं म्हणतात. आपण परत गेल्यावर ते बसवून दे. आणि सकाळी एक फोन करत जा. मी उचलीन. पण उगाच 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' असं नर्ससारखं विचारायचं नाही."

"मग काय विचारू?"

"पॅकिंगमधलं विचार. ते मी कधीही सांगीन."

मुलगी हसली. दुधाच्या प्रकरणानंतर ती आईसमोर पहिल्यांदाच अशी मनापासून हसली, आणि ते हसू बघून बाईंचा ऊर भरून आला. ट्रकसमोर फतकल मारली होती तेव्हाही त्यांना एवढा अभिमान वाटला नव्हता. तेव्हा समोर साहेब होता, आणि बाजू स्वतःची होती. या पोरीने तर स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली होती, आणि तीही सगळ्यांदेखत.

जेवायच्या दालनात काचेचे पेले चमकत होते. बाईंनी बसल्या बसल्या एक पेला उजेडात धरून पाहिला, आणि "बरा आहे" असा शेरा दिला. एकेका मोठ्या टेबलावर दोन-दोन कुटुंबं बसवली होती. शेजारच्या कुटुंबातल्या एक वयस्कर बाई बोलक्या होत्या. त्यांनी बाळाचं कौतुक केलं, मामाशी हवेवर गप्पा मारल्या, आणि कुणाचं कोण ते सगळं विचारून घेतलं. मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"आणि तुम्ही आता कुणाकडे असता? मुलाकडे की मुलीकडे?"

मुलगा पाण्याचा पेला तोंडाशी धरून तसाच राहिला.

"मी माझ्या घरी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी शेजारी बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. एरवी पाहुण्यांना सांगायच्या तशाच खणखणीत आवाजात, अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं त्या बोलल्या, पण या वेळी फुटलेल्या-न फुटलेल्या मालाचं नाव निघालं नाही. "ही माझी मुलगी. हिच्यामुळे असते."